संत्र्याचा ताण आणि नॅक जनुकं: तालुक्याच्या कॉलेजातून जनुककुळाचा अभ्यास कसा करावा

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात डिसेंबर लागला की बगिच्यांचं पाणी बंद होतं. आंबिया बहार (हिवाळ्याअखेरचं फूल) धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पानं मलूल होतात, फिकी पडतात, थोडी गळतात, झाड वाढ थांबवून बसतं. मग खत देऊन पहिलं हलकं पाणी सोडलं की नवतीबरोबर फूल निघतं. या काळात झाडाच्या आत कोणती जनुकं जागी होतात आणि कोणती झोपतात, हा प्रश्न विदर्भातल्या एमएस्सीच्या मुलामुलींच्या अक्षरशः घरामागे उभा आहे. तरी आपल्याकडच्या प्रकल्पांमध्ये बहुतेक वेळा दिसतं ते असं: कुठल्याशा पिकाचं जनुककुळ घ्यायचं, संगणकावर वंशवृक्ष काढायचा, रंगीत चौकटींचे दोन-चार तक्ते लावायचे आणि बाइंडिंगला द्यायचं.

संगणकाचं काम आता सोपं झालं आहे. जमेल त्या मुलाला ते दोन-तीन आठवड्यांत उरकता येतं. अभ्यासाची खरी किंमत ठरते ती बगिच्यात पान कसं तोडलं त्यावर. म्हणून या लेखात संगणकाच्या काही पायऱ्या मी भराभर सांगणार आहे आणि बगिच्यात मात्र बराच वेळ काढणार आहे.

कुळ निवडताना

ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणजे डीएनएवर ठराविक जागी बसून दुसऱ्या जनुकांचं काम वाढवणारी किंवा थांबवणारी प्रथिनं. त्यांची कुळं असतात, आणि एका कुळातल्या सगळ्या प्रथिनांत डीएनएला धरणारा भाग सारख्या घडणीचा असतो. वनस्पतींत अशी कितीतरी कुळं आहेत: एमवायबी, डब्ल्यूआरकेवाय, एपीटू-ईआरएफ, मॅड्स, बीझिप, नॅक वगैरे. त्यातलं कोणतं घ्यायचं? ‘यावर अजून कोणी पेपर काढलेला नाही’ हे निवडीचं कारण होऊ शकत नाही. आधी प्रश्न, मग कुळ.

लिंबूवर्गीय फळांत याची फार चांगली उदाहरणं आहेत. रक्तवर्णी गोड संत्र्याचा लाल रंग ‘रुबी’ नावाच्या एमवायबी जनुकामुळे येतो. त्या जनुकाच्या शेजारी एक उडता डीएनए तुकडा येऊन बसल्यामुळे ते थंडीत जागं होतं, हे २०१२ साली दाखवलं गेलं. दुसरं उदाहरण तर आपल्या नर्सरीतलंच. जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन रोपं निघतात, आणि त्यातली बरीचशी आईसारखीच असतात. शेंदूरजनाघाटच्या नर्सरीवाल्यांचा सगळा धंदाच या गुणावर उभा आहे. या बहुभ्रूणतेचा संबंध आरडब्ल्यूपी-आरके कुळातल्या एका जनुकाशी आणि त्याच्या प्रमोटरमध्ये (जनुकाच्या सुरुवातीआधीच्या, त्याला चालू-बंद करणाऱ्या भागात) घुसलेल्या छोट्या तुकड्याशी आहे, हे २०१७ साली पुढे आलं. दोन्ही ठिकाणी संशोधकांनी सुरुवात झाडात दिसणाऱ्या गुणापासून केली आणि तिथून कुळापर्यंत पोहोचले.

आपला गुण आहे ताण. पाण्याचा तुटवडा, पान पिवळं पडणं, पानगळ, मुळांची वाढ, या सगळ्याशी ज्याचा संबंध इतर वनस्पतींत पक्का झाला आहे असं कुळ म्हणजे नॅक. (कॉलेजात येणाऱ्या नॅक समितीशी याचं काही नातं नाही, ती भीती वेगळी.) पेट्युनियातलं एनएएम आणि अराबिडॉप्सिसमधली एटीएएफ व सीयूसी अशा तीन नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. या प्रथिनांच्या सुरुवातीच्या टोकाला साधारण १५० अमिनो आम्लांचा नॅक डोमेन असतो आणि तो सगळ्यांत बराचसा सारखा असतो. शेवटाकडचा भाग मात्र प्रत्येकाचा निराळा. ही गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढे प्रायमर (नेमकं एक जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) काढताना तिचाच आधार आहे. अराबिडॉप्सिसमध्ये शंभरावर नॅक जनुकं आहेत. त्यातली एएनएसी०१९, ०५५ आणि ०७२ ही तिन्ही दुष्काळाच्या प्रतिसादात भाग घेतात. ओआरई१ आणि एनएपी पान म्हातारं होण्याशी जोडलेली आहेत. पानगळीवरून ताण ओळखणाऱ्या मुलखात याहून जवळचं कुळ मिळणार नाही.

जनुकसंच कोणाचा घ्यायचा

नागपुरी संत्रा म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा, मँडरिन गटातला. गुणसूत्रं १८, म्हणजे नऊ जोड्या. गोड संत्र्याचा, म्हणजे मोसंबीच्या जातीचा, जनुकसंच (सगळ्या डीएनएचं वाचन) २०१३ साली प्रसिद्ध झाला, म्हणून बरेच जण तोच उचलतात. पण गोड संत्रा हा पोमेलो आणि मँडरिन यांच्या संकरातून आलेला आहे. आपल्याला मँडरिनच्या जवळचा हवा. २०१४ साली आलेला क्लेमेंटाइनचा जनुकसंच त्यासाठी सोयीचा पडतो. तो एकगुणित झाडापासून केलेला आहे, त्यामुळे एकाच जनुकाच्या आईकडच्या आणि बापाकडच्या प्रती दोन वेगळी जनुकं म्हणून मोजल्या जाण्याचा धोका कमी. फायटोझोम या वनस्पतींच्या जनुकसंचांच्या सार्वजनिक साठ्यावर तो मिळतो. सिट्रस पॅनजीनोम डेटाबेसवर मँडरिनचे इतर जनुकसंचही आहेत. पडताळणीसाठी त्यातला एक जोडीला ठेवा.

चार फायली उतरवून घ्या: पूर्ण डीएनए, जनुकांच्या जागा सांगणारी जीएफएफ-३ फाइल, प्रथिनांची आणि सीडीएसची, म्हणजे प्रथिन ठरवणाऱ्या डीएनए भागांची. जनुकसंचाची आवृत्ती पहिल्या दिवशीच वहीत लिहा. क्लेमेंटाइनच्या यादीत प्रथिनं बनवणारी २४,५३३ जनुकं आणि ३३,९२९ ट्रान्सक्रिप्ट (जनुकांच्या आरएनए नकला) आहेत. म्हणजे एका जनुकाची दोन-तीन रूपं यादीत असू शकतात. ती न गाळता मोजणी केली तर कुळ उगाच फुगतं. प्रत्येक जनुकाचं एकच मुख्य रूप ठेवा.

संगणकाची भीती बाळगू नका. एका कुळाच्या शोधाला आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. कमांड लिहिण्याची सवय नसेल तर टीबीटूल्समध्ये माऊसने बरंचसं काम होतं. आरएनए-सीक्वेन्सिंगचा (कोणत्या जनुकाचं किती आरएनए तयार झालं ते वाचण्याचा) अवजड डेटा हाताळायचा असेल तर गॅलक्सीचा सार्वजनिक सर्व्हर फुकट वापरता येतो. एकदा काम लावून दिलं की इकडे लाईन गेली तरी तिकडे ते चालू राहतं. मोठ्या फायली रात्री उतरवायला लावा.

शोध आणि छाननी

नॅक डोमेनचं प्रोफाइल (त्याच्या घडणीचा सांख्यिकी साचा) पीफॅम या प्रथिन-कुळांच्या संग्रहात पीएफ०२३६५ या क्रमांकाने आहे. पीफॅमची जुनी वेबसाइट आता इंटरप्रोमध्ये सामावली गेली आहे, तिथे शोधा. हे प्रोफाइल घेऊन एचएमएमईआर या साधनाने सगळ्या प्रथिनांत शोध घ्या. जोडीला अराबिडॉप्सिसच्या माहीत असलेल्या नॅक प्रथिनांचा ब्लास्ट (सारख्या क्रमांचा शोध) करा. दोन्ही याद्या एकत्र करून प्रत्येक प्रथिनात डोमेन खरंच आहे का, ते इंटरप्रो, स्मार्ट किंवा एनसीबीआयच्या सीडीडीमध्ये तपासा.

इथे घाई होते. अर्धवट डोमेन असलेली काही प्रथिनं हमखास निघतात. ती खरोखरच तुटकी जनुकं आहेत की जनुकाची हद्द ठरवणाऱ्या प्रोग्रॅमने मध्येच कुऱ्हाड चालवली आहे? आयजीव्ही या जनुकसंच पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये ती जागा उघडा, एखादा सार्वजनिक आरएनए-सीक्वेन्सिंगचा डेटा त्यावर ठेवा आणि डोळ्यांनी पाहा. एक्सॉन (जनुकाचा आरएनएत टिकणारा भाग) जिथे संपला असं फाइल सांगते, त्याच्या पुढेही आरएनएचे तुकडे बसलेले दिसले तर फाइल चुकली आहे. उलट तपासणीही करा: टीबीलास्टएनने थेट डीएनएत शोधून यादीतून सुटलेलं एखादं जनुक आहे का ते बघा. कंटाळवाणं काम आहे, पण मी परीक्षक असतो तर पहिला प्रश्न इथेच विचारला असता: किती गाळली आणि का?

नावं ठेवण्याआधी, याच पिकावर आधी कोणी हे कुळ मांडलं आहे का ते पाहून घ्या. मांडलं असेल तर त्यांचीच नावं वापरा. एकाच जनुकाला दोन नावं पडली की पुढच्या माणसाच्या डोक्याला ताप. नवी नावं ठेवायचीच असतील तर गुणसूत्रावरच्या क्रमाने ठेवा आणि मूळ लोकस क्रमांक शेजारच्या रकान्यात कायम लिहा.

वंशवृक्ष, घडण, जोडजनुकं

वंशवृक्षासाठी नॅक डोमेनचाच भाग घ्या. शेवटाकडचा भाग इतका वेगळा असतो की त्याची मांडणी एकमेकांवर बसतच नाही. मॅफ्टने मांडणी करा, आयक्यू-ट्रीने वृक्ष काढा, मॉडेल त्यालाच निवडू द्या, बूटस्ट्रॅप (फांदीचा भरवसा मोजणाऱ्या पुनर्चाचण्या) १,००० ठेवा. सोबत अराबिडॉप्सिसची सगळी नॅक घ्या आणि भात, टोमॅटो अशा पिकांतली ज्यांचं काम प्रयोगाने सिद्ध झालं आहे तेवढीच घ्या. आपलं एखादं जनुक एएनएसी०७२ च्या शेजारी बसलं म्हणजे ते दुष्काळाचं जनुक ठरलं असं नाही. त्याने फक्त पुढे तपासायच्या यादीत वरचा नंबर पटकावला. फांदीवरचा बूटस्ट्रॅपचा आकडा कमी असेल तर तेवढंही म्हणू नये.

एक्सॉन-इंट्रॉनची (इंट्रॉन म्हणजे मधले, आरएनएतून कापले जाणारे भाग) आकृती आणि मीम साधनाने काढलेले मोटिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे क्रम) हे एका दुपारचं काम आहे. बहुतेक नॅक जनुकांत तीन एक्सॉन आणि दोन इंट्रॉन दिसतील. जी वेगळी दिसतात तेवढ्यांवर चार ओळी लिहा, बाकीच्यांचं वर्णन करत पानं भरू नका.

जोडजनुकांबाबत, म्हणजे एकाच जनुकाच्या प्रती पडून झालेल्या जनुकांबाबत, एक गोष्ट ध्यानात घ्या. लिंबूवर्गीय वनस्पतींत, सगळ्या खऱ्या द्विदल वनस्पतींच्या पूर्वजांत झालेल्या प्राचीन तिप्पटीनंतर संपूर्ण जनुकसंच दुप्पट होण्याची नवी घटना झालेली नाही. सफरचंद किंवा केळी यांच्याशी तुलना करताना म्हणूनच सांभाळून, तिथे अशा घटना नंतरही घडल्या आहेत. संत्र्यात शेजारीशेजारी बसलेली, एकामागून एक पडलेली जोडजनुकं जास्त रोचक. एमसीस्कॅनएक्सने ती निघतात. केए-केएस गुणोत्तर (प्रथिन बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या फरकांच्या दरांचं) काढायला हरकत नाही, पण ते जवळजवळ नेहमीच एकच्या खाली येतं आणि ‘शुद्धीकरण निवड’ असं लिहून सगळे पुढे जातात. तुम्हीही एका ओळीत लिहा आणि पुढे जा.

प्रमोटरच्या तक्त्यावर फार विसंबू नका

जनुकाच्या सुरुवातीआधीचे दोन हजार बेस घ्यायचे, प्लांटकेअरमध्ये टाकायचे आणि कोणते संकेत सापडतात त्याचा रंगीबेरंगी तक्ता करायचा, ही रीत आहे. त्यातला एक संकेत एबीआरई. अ‍ॅब्सिसिक आम्लाच्या, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाच्या, प्रतिसादाशी तो जोडलेला आहे. त्याचा गाभा पाच अक्षरांचा: ए-सी-जी-टी-जी. आता हिशेब करा. चार अक्षरांतून पाच जागा भरायच्या तर १,०२४ जुळण्या होतात. दोन हजार बेसच्या तुकड्यात, दोन्ही धागे धरून, चारही अक्षरं सारख्या प्रमाणात असती तर हा गाभा निव्वळ योगायोगाने चारेक वेळा दिसला असता. संत्र्याच्या डीएनएत ए आणि टी जास्त असल्यामुळे हा आकडा दोनाच्या आसपास येतो. म्हणजे ‘अमुक जनुकाच्या प्रमोटरमध्ये दोन एबीआरई सापडले, म्हणून ते ताणाला प्रतिसाद देतं’ या वाक्यात काहीच दम नाही.

उपाय सोपा आहे. त्याच जनुकसंचातून नॅक नसलेली काही शे जनुकं डोळे झाकून निवडा, त्यांचेही प्रमोटर तपासा आणि तुलना करा. तुमच्या जनुकांत संकेत खरोखर जास्त असतील तरच लिहा.

बगिच्यात

आता मुख्य काम. सर्वांत सोपा आराखडा असा वाटतो: पाणी तोडण्याआधी पानं घ्यायची, ताण बसल्यावर पुन्हा घ्यायची आणि दोन्हींची तुलना करायची. हा आराखडा नको. डिसेंबर ते जानेवारी या काळात आपल्याकडे थंडीही पडते, आणि लिंबूवर्गीय झाडांत थंडी आणि पाण्याचा ताण दोन्ही फुलकळी धरायला कारण होतात. शिवाय तेवढ्या दिवसांत पानही जुनं होतं. आधी-नंतरच्या तुलनेत हे तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि मागाहून कोणत्याही सॉफ्टवेअरने ते वेगळे निघत नाहीत. म्हणून त्याच बगिच्यात, त्याच दिवशी, पाणी चालू असलेली झाडं हवीत. थंडी दोघांनाही सारखीच, पान दोघांचंही तेवढंच जुनं, फरक उरतो तो पाण्याचा.

इथे शेतकऱ्याचा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. पाणी चालू ठेवलेल्या झाडांवर आंबियाचं फूल नीट येणार नाही, म्हणजे त्या झाडांचं उत्पन्न गेलं. चार-पाच झाडांचा का असेना, तो माल त्याच्या खिशातून जातो. प्रकल्पाच्या खर्चात भरपाईची रक्कम धरा आणि आधीच बोलून घ्या. ‘भाऊ, संशोधनाचं काम आहे’ एवढ्यावर कोणाचा बहार मागू नये. कॉलेजचा किंवा कृषी विद्यापीठाच्या केंद्राचा बगिचा मिळाला तर बरंच.

झाडं निवडताना वय एक, खुंट एक (सगळी जंबेरीवर किंवा सगळी रंगपूरवर), जमीन एक. काळ्या खोल जमिनीत ओल फार दिवस टिकते आणि मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो. एकाच वावरात दोन्ही प्रकार असू शकतात, म्हणून खड्डा खणून पाहा. मृग बहाराचा (पावसाळी फुलाचा) माल अंगावर असलेलं झाड घेऊ नका, कारण फळांचा भार असला की फूल कमी धरतं आणि जनुकांचा कारभारही वेगळा चालतो. डिंक्या लागलेलं, शेंडेमर असलेलं झाड टाळा. ग्रीनिंग आणि ट्रिस्टेझाची चाचणी करून घेता आली तर उत्तम, कारण ही दोन्ही दुखणी पानाचा रंगही बदलतात आणि जनुकंही. ताणाची झाडं आणि पाण्याची झाडं यांच्यामध्ये एक ओळ मोकळी सोडा. मुळं शेजाऱ्याचं पाणी ओढतात.

ताण बसला हे ठरवायचं कसं? जुने बागायतदार पान दुपारी बघत नाहीत. ‘दुपारी त सगळीच मलूल दिसते, सकाळी पाहा लागते,’ असं ते सांगतात. उन्हात कोणतंही झाड पान मिटून घेतं. रात्रभर ओल ओढूनही पहाटे पान ताजं झालं नसेल तर मुळाशी पाणी संपलं आहे. वनस्पतिशास्त्रात सूर्योदयापूर्वी पानाचं जलविभव मोजतात ते नेमकं याच कारणाने. त्याला लागणारं प्रेशर चेंबर तालुक्याच्या कॉलेजात नसतं. मग सापेक्ष जलप्रमाण काढा, त्याला फक्त अचूक तराजू लागतो. पहाटे पान तोडून लगेच वजन करा. मग पान चार तास डिस्टिल्ड पाण्यात ठेवून, वरचं पाणी टिपून पुन्हा वजन. शेवटी ७० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तिसरं वजन. ताज्या वजनातून कोरडं वजा करा, पाणी प्यायलेल्या वजनातूनही कोरडं वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणा. हा आकडा प्रत्येक नमुन्याला जोडलेला असेल तर तुमच्या ‘ताण’ या शब्दाला वजन येतं. सोबत मुळांच्या थरातली माती १०५ अंशांवर वाळवून तिचीही ओल काढून ठेवा.

नमुने किमान चार वेळा घ्या: पाणी तोडण्याआधी, अर्ध्या ताणात, पूर्ण ताणात आणि ताण तोडल्यावर एक-दोन दिवसांनी. शेवटची वेळ बरेच जण वगळतात. पाणी मिळताच जे जनुक खाली उतरतं त्याच्यावर माझा भरवसा जास्त. प्रत्येक वेळी ताणाची चार आणि पाण्याची चार झाडं, असं धरलं तर ३२ नमुने होतात. एकाच झाडाची चार पानं म्हणजे चार पुनरावृत्त्या नव्हेत. पुनरावृत्ती म्हणजे वेगळं झाड. पानं एकाच नवतीची, पूर्ण वाढलेली, खांद्याच्या उंचीवरची, चारही बाजूंनी घेऊन एकत्र करा. वेळ रोज तीच ठेवा, कारण कितीतरी जनुकं घड्याळाप्रमाणे सकाळ-संध्याकाळ चढतात-उतरतात. सकाळी सातला एक झाड आणि अकराला दुसरं असं केलं तर तुम्ही ताण मोजत नाही, सूर्य मोजता.

जानेवारीत अवकाळी आला तर ताण मोडतो. तो दिवस नोंदवा, जमिनीची ओल पुन्हा मोजा आणि पुढच्या तारखा त्याप्रमाणे हलवा. ठरल्या तारखेला जाऊन ओल्या जमिनीतल्या झाडाला ‘ताणाचं झाड’ म्हणू नका.

पानापासून आरएनएपर्यंत

पान तोडल्या क्षणापासून आरएनए तुटायला लागतं, आणि तोडण्याची जखम हाही एक ताणच आहे. पान लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गेलं पाहिजे. खेड्यात द्रव नायट्रोजन कुठून आणायचा म्हणून मुलं हात टेकतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायला तिथे द्रव नायट्रोजनचे कंटेनर असतात आणि तो ठरावीक दिवशी भरला जातो. पुरवठा करणाऱ्या गाडीकडून तुमचाही कंटेनर रीतसर पैसे देऊन भरून मिळू शकतो. उणे १९६ अंशांचं हे प्रकरण आहे: हातमोजे आणि चष्मा लागतोच, झाकण घट्ट बंद करायचं नाही, आणि बंद गाडीत काचा लावून कंटेनर न्यायचा नाही, कारण त्याची वाफ हवेतला ऑक्सिजन हटवते. अगदीच सोय नसेल तर आरएनएलेटर द्रावण वापरा, पण संत्र्याचं पान मेणचट आणि जाड असतं. त्याच्या बारीक पट्ट्या केल्याशिवाय द्रावण आत शिरत नाही.

उणे ८० चा फ्रीझर कुठे आहे आणि त्याला जनरेटर आहे का, हे नमुने घेण्याआधी विचारा.

संत्र्याच्या पानात पॉलिसॅकराइड आणि फिनॉल भरपूर. साध्या किटने पुष्कळदा चिकट, तपकिरी गोळा हाती येतो. सीटॅब पद्धत बरी चालते: ६५ अंशांना गरम केलेल्या बफरमध्ये पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, त्यानंतर दोनदा क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल, शेवटी लिथियम क्लोराइड घालून रात्रभर चार अंशांवर. लिथियम क्लोराइडने आरएनए खाली बसतं आणि बराचसा चिकटा वर राहतो. मग उरलेला डीएनए तोडणारं डीएनेज द्या. प्रकाशशोषणाचं २६०-२८० चं गुणोत्तर (आरएनएच्या शुद्धतेचं माप) दोनाच्या जवळ हवं. पण २६०-२३० कडे जास्त लक्ष द्या, संत्र्यात गडबड तिथे कळते. जेलवर हिरव्या पानाच्या आरएनएत दोन मुख्य पट्ट्यांखेरीज आणखी पट्ट्या दिसतील. त्या हरितलवकातल्या रायबोसोमच्या असतात. आरएनए कुजलं समजून नमुना फेकू नका.

क्यूपीसीआर

शंभर जनुकांवर क्यूपीसीआर (जनुकाचं आरएनए किती आहे ते मोजणारी चाचणी) करायची गरज नाही, परवडणारही नाही. वंशवृक्षावरून आणि सार्वजनिक आरएनए-सीक्वेन्सिंगवरून आठ-दहा निवडा, त्यात ज्यांच्यावर ताणाचा परिणाम होणार नाही असं वाटतं अशी एक-दोन मुद्दाम घ्या.

प्रायमर नॅक डोमेनवर काढला तर तो कुळातल्या पाच-सहा जणांना एकदम धरेल. शेवटाकडचा निराळा भाग किंवा ३-प्राइम यूटीआर (जनुकाच्या शेवटचा, प्रथिन न बनवणारा भाग) निवडा. उत्पादन ८० ते २०० बेसचं ठेवा, जमलं तर इंट्रॉनच्या दोन बाजूंनी. प्रायमर पूर्ण जनुकसंचावर ब्लास्ट करून पाहा, मेल्ट कर्व्हमध्ये एकच शिखर हवं, आणि उत्पादन एकदा तरी सीक्वेन्स करून घ्या. क्लेमेंटाइनवरून काढलेला प्रायमर नागपुरी संत्र्यात एखाद्या अक्षराने चुकू शकतो.

कार्यक्षमता काढण्यासाठी सीडीएनएची (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएची) दहा-दहा पटींनी विरळ केलेली मालिका चालवा. रेषेचा उतार उणे ३.३२ आला तर कार्यक्षमता १०० टक्के. ९० ते ११० टक्के चालते. संदर्भ जनुक (तुलनेसाठी लागणारं, स्थिर राहणारं जनुक) म्हणून सगळे अ‍ॅक्टिन घेतात. ताणात अ‍ॅक्टिन स्थिर आहे हे तुमच्याच नमुन्यांवर दाखवावं लागेल. अ‍ॅक्टिन, जीएपीडीएच, ईएफ-१-अल्फा, युबिक्विटिन अशी चार घ्या आणि जीनॉर्ममध्ये टाकून सर्वांत स्थिर दोन वापरा.

हिशेब २००१ पासून रुळलेल्या डेल्टा-डेल्टा-सीटी पद्धतीने. समजा पाण्याच्या झाडात तुमच्या जनुकाचा सीटी (कितव्या फेरीत जनुक दिसू लागलं तो आकडा; कमी म्हणजे आरएनए जास्त) २६ आणि संदर्भाचा २०, फरक सहा. ताणाच्या झाडात २३ आणि २०, फरक तीन. सहातून तीनवर आलो, म्हणजे दोनाचा तिसरा घात, आठ पट वाढ. सांख्यिकी चाचणी करताना मात्र पटींवर न करता सीटीच्या फरकांवर करा, आणि दर झाडाचा ठिपका आलेखात दिसू द्या. नुसते खांब उभे केले की चार झाडांपैकी एकानेच सगळी उडी मारली आहे, हे झाकलं जातं.

काय लिहायचं, काय नाही

‘ताणात या जनुकाचं आरएनए आठ पट वाढलं आणि पाणी दिल्यावर उतरलं’ हे लिहा. ‘हे जनुक संत्र्याला ताण सहन करायला लावतं’ हे लिहू नका. ते कारणही असू शकतं, परिणामही, नुसता साक्षीदारही. कारण सिद्ध करायला पुढची पायरी लागते: प्रथिन केंद्रकात जातं का ते निकोटिआना बेंथामियाना या तंबाखूवर्गीय रोपाच्या पानात पाहणं, ते कोणत्या प्रमोटरला धरतं ते यीस्ट वन-हायब्रिडने तपासणं, जनुक दाबून झाडात काय बदलतं ते बघणं. हे तालुक्यात होणार नाही. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था किंवा अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ इथल्या लोकांशी बोला. नीट नोंदी असलेले, जलप्रमाण जोडलेले ३२ नमुने हाताशी असले की मोठ्या प्रयोगशाळेतही तुमचं ऐकून घेतात. आरएनए-सीक्वेन्सिंग केलं तर डेटा फरीदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात किंवा एनसीबीआयमध्ये जमा करा. परदेशी सहकाऱ्याला पानं किंवा आरएनए धाडायचं मनात आलं तर आधी जैवविविधता कायद्याची परवानगी बघा.

वेळापत्रकाचं म्हणाल तर संगणकाचं सगळं काम जुलै ते ऑक्टोबरमध्ये उरका, प्रायमर नोव्हेंबरात हाती हवेत, डिसेंबरपासून बगिचा. डिसेंबर हुकलाच तर वर्ष वाया गेलं असं समजू नका. मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडतात आणि जूनचा पाऊस ताण मोडतो. त्या ताणात थंडी नसते, उलट विदर्भाचं ऊन असतं. तेव्हा ताणाची आणि पाण्याची झाडं निवडून हाच आराखडा पुन्हा चालवला, तर दोन्ही हंगामांत चढणारी जनुकं पाण्याच्या तुटवड्याची असण्याची शक्यता बरीच वाढते, आणि फक्त हिवाळ्यात चढणाऱ्यांवर थंडीचा संशय घेता येतो. मात्र मृगाची झाडं वेगळी घ्या. आंबियाला ताण दिलेल्याच झाडांना मे महिन्यात पुन्हा उपाशी ठेवलं तर अंगावरची फळं गळतील आणि पुढच्या वर्षी त्या बगिच्याचं फाटक तुमच्यासाठी उघडणार नाही.